पोर्तुगालमधील करोना साथ आणि लसीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्तुगाल हा सुमारे एक कोटी तीन लाख लोकवस्तीचा देश आहे. जानेवारी २०२१ च्या अखेरीस, लोकसंख्येच्या प्रमाणात रोज सापडणारे नवे रुग्ण आणि रोज होणारे मृत्यू या दोन्ही बाबतींत हा देश जगात सर्वांत वरच्या स्थानी होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो लसीकरणात जगात आघाडीवर होता. माणसे तीच होती, रुग्णालये तीच होती आणि सरकारही तेच होते. या दोन टोकांच्या मध्ये काय घडले, याविषयी वाचकांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

साथ पोर्तुगालमध्ये कधी आणि कोठून आली?

पहिल्या दोन रुग्णांची नोंद २ मार्च २०२० रोजी झाली. त्यांपैकी एक डॉक्टर उत्तर इटलीतून परतले होते, तर दुसरी व्यक्ती स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे काम करत होती. दोघांवरही उत्तरेकडील पोर्तो शहरात उपचार झाले. त्या भागातील फेल्गेइरास आणि लोझादा या गावांत पादत्राणांचा मोठा उद्योग आहे आणि तेथील व्यापारी मिलानच्या पादत्राणे प्रदर्शनाला नियमित जातात, त्यामुळे इटलीतील संसर्ग सर्वप्रथम याच पट्ट्यात पसरला. पहिला मृत्यू १६ मार्च रोजी झाला आणि त्याच दिवसापासून देशभरातील शाळा बंद झाल्या. पोर्तोच्या दक्षिणेस असलेल्या ओव्हार या नगरपालिका क्षेत्राला तर १७ मार्चपासून महिनाभर चारही बाजूंनी वेढा घालण्यात आला आणि आत-बाहेर जाण्याचे सर्व रस्ते रोखण्यात आले.

‘आणीबाणी’ जाहीर झाली म्हणजे नेमके काय झाले?

आणीबाणी हा शब्द वाचताच मराठी वाचकाला १९७५ आठवते, म्हणून येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. पोर्तुगालच्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष आणीबाणी जाहीर करतात, पण त्यासाठी सरकारचे मत ऐकून घ्यावे लागते आणि संसदेची परवानगी लागते. शिवाय ती एका वेळी जास्तीत जास्त पंधरा दिवसांसाठीच असते. पुढे चालू ठेवायची झाल्यास सर्व प्रक्रिया पुन्हा करावी लागते. राष्ट्राध्यक्ष मार्सेलो रेबेलो द सोझा यांनी १८ मार्च २०२० रोजी ती जाहीर केली, तेव्हा १९७६ च्या राज्यघटनेखाली या तरतुदीचा वापर प्रथमच होत होता. ज्या देशाने जवळपास अर्धशतक हुकूमशाही सोसून २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर लोकशाही मिळवली, त्या देशात हा शब्द हलकेपणाने उच्चारला जात नाही. म्हणूनच दर पंधरा दिवसांनी संसदेत होणारी चर्चा ही नुसती औपचारिकता राहिली नाही.

पहिली आणीबाणी २ मे २०२० रोजी संपली. दुसरी ९ नोव्हेंबर २०२० पासून ३० एप्रिल २०२१ पर्यंत, पुन्हा पुन्हा मुदतवाढ मिळत, चालू राहिली. न्यायालयेही या काळात जागी होती. पोर्तुगालच्या अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांवर उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला चौदा दिवस हॉटेलात सक्तीने ठेवण्याचा तेथील प्रादेशिक सरकारचा आदेश संसदेच्या परवानगीविना काढलेला होता, म्हणून घटनात्मक न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

पहिल्या लाटेत पोर्तुगालचे कौतुक का झाले?

शेजारच्या स्पेनमध्ये मृतांचा आकडा दररोज शेकड्यांत जात असताना पोर्तुगालमधील परिस्थिती तुलनेने आटोक्यात राहिली. याचे एक कारण काळाचे होते. इटली आणि स्पेनची दृश्ये दूरचित्रवाणीवर आधी दिसल्यामुळे लोकांनी सरकारी आदेशाची वाट न पाहता घरी राहायला सुरुवात केली होती आणि अनेक पालकांनी मुलांना शाळेत पाठवणे आधीच थांबवले होते. दुसरे कारण राजकीय होते. पंतप्रधान आंतोनियो कोस्ता समाजवादी पक्षाचे, तर प्रमुख विरोधी पक्षाचे नेते रुई रिओ. पण आणीबाणीच्या चर्चेत रिओ यांनी पंतप्रधानांना धैर्य आणि नशिबाची साथ चिंतिली आणि ‘तुमचे नशीब तेच आमचे नशीब’ अशा आशयाचे उद्गार काढले. आरोग्यमंत्री मार्ता तेमिदो आणि आरोग्य महासंचालक ग्रासा फ्रेइतास यांची रोजची पत्रकार परिषद हा बहुतेक घरांतला नित्यक्रम झाला.

त्या वर्षी १३ मे रोजी फातिमा येथील कॅथलिक तीर्थक्षेत्राचा सोहळा इतिहासात प्रथमच यात्रेकरूंविना पार पडला. एरवी लाखो माणसांनी भरणाऱ्या त्या विस्तीर्ण पटांगणात मोजके धर्मगुरू आणि जळत्या मेणबत्त्या एवढेच होते.

कागदपत्रे अपूर्ण असलेल्या परदेशी नागरिकांचे काय झाले?

मार्च २०२० च्या अखेरीस सरकारने एक निर्णय घेतला. माझ्या मते तो या संपूर्ण काळातील सर्वांत शहाणपणाच्या निर्णयांपैकी एक होता. ज्या परदेशी नागरिकांचे निवासपरवान्याचे अर्ज प्रलंबित होते, त्या सर्वांना प्रथम ३० जूनपर्यंत, आणि पुढे मुदत वाढवून, कायदेशीर रहिवासी मानले जाईल असे जाहीर झाले. त्यामुळे त्यांना सार्वजनिक आरोग्यसेवा, सरकारी मदत आणि नोकरीचे करार यांचा हक्क मिळाला. भारत, नेपाळ आणि बांगलादेशातून आलेल्या हजारो कामगारांचे अर्ज त्या वेळी रखडलेले होते. आजारी पडलेला माणूस पकडले जाण्याच्या भीतीने दवाखान्यात गेला नाही, तर साथ त्याच्यापुरती मर्यादित राहत नाही, ही साधी गोष्ट या निर्णयामागे होती.

नोकऱ्या आणि शिक्षण कसे टिकवले?

काम थांबलेल्या कंपन्यांतील कर्मचाऱ्यांना दोन-तृतीयांश वेतन मिळत राहावे आणि त्यातील मोठा वाटा सरकारने उचलावा, अशी योजना आणली गेली. तरीही पर्यटनावर अवलंबून असलेल्या या अर्थव्यवस्थेचे २०२० मध्ये सुमारे ८ टक्क्यांनी आकुंचन झाले. शाळांसाठी २० एप्रिल २०२० पासून सरकारी दूरचित्रवाणीवर रोज पाठ सुरू झाले. दूरचित्रवाणीवरून शाळा चालवण्याची परंपरा या देशात १९६० च्या दशकापासून होती, त्यामुळे ज्या घरांत संगणक नव्हता त्या घरांतल्या आजी-आजोबांनाही ही कल्पना नवी वाटली नाही.

संपर्क शोधणारे ॲप उपयोगी पडले का?

फारसे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आलेले हे ॲप सक्तीचे करण्याचा प्रस्ताव पंतप्रधानांनी ऑक्टोबरमध्ये मांडला, तेव्हा खासगीपणाच्या प्रश्नावर एवढा विरोध झाला की तो सोडून द्यावा लागला.

जानेवारी २०२१ मध्ये इतका हाहाकार का उडाला?

याचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही, आणि ज्यांनी ते ‘लोकांचा बेफिकीरपणा’ असे एका शब्दात दिले, त्यांनी अन्याय केला असे मला वाटते.

नोव्हेंबरपासून निर्बंध कडक होते. १२१ नगरपालिका क्षेत्रांत रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत संचारबंदी होती आणि शनिवार-रविवारी ती दुपारी एकलाच सुरू होत असे. नाताळसाठी मात्र सरकारने हात सैल सोडला. २३ ते २६ डिसेंबर या काळात देशांतर्गत प्रवासाला मुभा मिळाली आणि घरी किती माणसांनी जमावे यावर मर्यादा घातली गेली नाही. पोर्तुगालमध्ये नाताळची आदली रात्र ही संपूर्ण कुटुंबाने एका टेबलाभोवती बसून जेवण्याची रात्र असते. शहरात राहणारी मुले-नातवंडे गावाकडच्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे त्याच रात्री जातात. वर्षभर न भेटलेल्या माणसांना ती भेट नाकारणे कोणत्याही सरकारला जड गेले असते, हे मान्य करूनही तो निर्णय चुकला असे म्हणावे लागते.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये प्रथम आढळलेला, अधिक वेगाने पसरणारा अल्फा प्रकार देशात शिरलेला होता. ब्रिटनमध्ये पोर्तुगीज कामगारांची मोठी वस्ती असल्याने नाताळात दोन्ही देशांत ये-जा होणे स्वाभाविक होते. त्यात जानेवारीच्या सुरुवातीला कडाक्याची थंडी पडली. बाहेरच्यांना पोर्तुगाल म्हणजे ऊन आणि समुद्रकिनारा एवढेच माहीत असते, पण तेथील जुनी घरे थंडीसाठी बांधलेली नाहीत आणि ती उबदार ठेवण्याचा खर्च अनेक वृद्धांना परवडत नाही. खिडक्या घट्ट बंद करून एका खोलीत बसलेली माणसे, नवा वेगवान विषाणू आणि आठवड्यापूर्वीच्या कौटुंबिक भेटी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

टाळेबंदी १५ जानेवारीला लागू झाली, पण शाळा उघड्या ठेवल्या गेल्या आणि त्या बंद करण्यासाठी २२ जानेवारी उजाडावी लागली. २८ जानेवारीला एका दिवसात १६,४३२ नवे रुग्ण आणि ३०३ मृत्यू नोंदले गेले. त्या एका महिन्यात साडेपाच हजारांहून अधिक माणसे दगावली. साथीच्या सुरुवातीपासून तोपर्यंत झालेल्या एकूण मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू त्या एकतीस दिवसांतले होते.

तेव्हा रुग्णालयांची स्थिती काय होती?

लिस्बनच्या सांता मारिया रुग्णालयाबाहेर रुग्णवाहिकांची लांब रांग लागली आणि आतील जागा मोकळी होईपर्यंत रुग्ण तासन्‌तास रुग्णवाहिकेतच राहिले. राजधानीलगतच्या एका मोठ्या रुग्णालयात प्राणवायूचा साठा पुरेसा असूनही एकाच वेळी एवढ्या रुग्णांना तो द्यावा लागला की नळ्यांमधील दाब कमी झाला आणि रातोरात अनेक रुग्णांना इतरत्र हलवावे लागले. अतिदक्षता विभागातील काही रुग्णांना विमानाने पोर्तुगालच्याच मादेइरा बेटावर नेण्यात आले. ३ फेब्रुवारीला जर्मनीच्या लष्कराचे २६ जणांचे वैद्यकीय पथक कृत्रिम श्वसनयंत्रे घेऊन लिस्बनमध्ये उतरले.

यंत्रांइतकाच तुटवडा माणसांचा होता. अतिदक्षता खाटांच्या प्रमाणात पोर्तुगाल साथीपूर्वी युरोपात खालच्या रांगेत होता आणि चांगल्या पगारासाठी तेथील परिचारक-परिचारिका गेली अनेक वर्षे परदेशी जात होत्या. ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन एप्रिल २०२० मध्ये बरे होऊन घरी आले, तेव्हा रात्रभर उशाशी उभ्या राहिलेल्या ज्या दोघांचे त्यांनी आभार मानले, त्यांतील एक परिचारक पोर्तो परिसरातला होता. पोर्तुगालमध्ये या बातमीने अभिमान वाटला आणि तेवढीच खंतही वाटली.

लसी कोठून आल्या आणि पहिली लस कोणाला मिळाली?

युरोपीय महासंघाच्या सदस्य देशांसाठी लसींची खरेदी युरोपीय आयोगाने एकत्रितपणे केली आणि लोकसंख्येच्या प्रमाणात त्यांचे वाटप झाले. त्यामुळे एकट्या पोर्तुगालला ज्या किमतीत आणि ज्या क्रमाने लस मिळाली नसती, ती मोठ्या देशांच्या बरोबरीने मिळाली. फायझर-बायोएनटेकच्या ९,७५० मात्रांची पहिली खेप २६ डिसेंबर २०२० रोजी आली आणि कोइम्ब्राजवळच्या मोन्तेमोर-ओ-व्हेल्यो येथील शीतगृहात ठेवण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर्तोच्या साओ जोआओ रुग्णालयातील संसर्गजन्य रोग विभागाचे प्रमुख आंतोनियो सार्मेंतो यांना देशातील पहिली लस टोचण्यात आली.

लसीकरण सुरुवातीपासूनच सुरळीत होते का?

नाही, आणि हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण पुढच्या यशाच्या वर्णनात हा भाग हमखास गाळला जातो.

पहिल्या टप्प्यात आरोग्य कर्मचारी, वृद्धाश्रमांतील रहिवासी व कर्मचारी आणि विशिष्ट आजार असलेले पन्नाशीपुढील नागरिक यांचा क्रम होता. घरी राहणाऱ्या ऐंशी वर्षांवरील व्यक्तींचा त्यात सरसकट समावेश नव्हता. मृत्यू सर्वाधिक याच वयोगटात होत असल्याने जानेवारीअखेरीस ही चूक दुरुस्त करण्यात आली. दरम्यान रांग मोडून लस घेणाऱ्यांच्या बातम्या रोज येऊ लागल्या. कोठे संस्थाचालकांनी आपल्या नातेवाइकांची नावे यादीत घातली, तर पोर्तोमध्ये शिल्लक राहिलेल्या मात्रा शेजारच्या बेकरीतील कर्मचाऱ्यांना दिल्या गेल्या. ‘मात्रा वाया जाऊ नयेत’ हे कारण काही ठिकाणी खरेही असेल, परंतु ज्या दिवशी तीनशे माणसे दगावतात त्या दिवशी अशा बातमीचा अर्थ लोक एकच लावतात. लसीकरण कृती दलाचे पहिले समन्वयक फ्रान्सिस्को रामोस हे स्वतः ज्या रुग्णालयाच्या व्यवस्थापनाचे प्रमुख होते, तेथेच लस द्यावयाच्या कर्मचाऱ्यांच्या निवडीत अनियमितता आढळली आणि फेब्रुवारी २०२१ च्या आरंभी त्यांनी पद सोडले.

ही जबाबदारी नौदलाच्या अधिकाऱ्याकडे का सोपवली?

व्हाइस ॲडमिरल एन्रिके गोव्हेया इ मेलो हे कृती दलात आधीपासूनच होते आणि पुरवठ्याच्या नियोजनाचे काम पाहत होते. ३ फेब्रुवारीला ते समन्वयक झाले. त्यांचा जन्म १९६० मध्ये मोझांबिकमधील केलिमाने येथे झाला आणि त्यांची कारकीर्द प्रामुख्याने पाणबुड्यांवर गेली. पाणबुडीत जागा, हवा आणि वेळ तिन्ही मोजूनमापून वापरावे लागतात. ज्यांनी त्यांची पुढची कार्यपद्धती पाहिली त्यांना या पार्श्वभूमीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

त्यांनी सैन्याच्या तिन्ही दलांतील डॉक्टर, गणितज्ञ आणि नियोजनतज्ज्ञ यांचा छोटा गट बांधला. दूरचित्रवाणीवर ते नेहमी लढाऊ गणवेशातच दिसत. त्यामागे स्पष्ट हेतू होता. हे काम कोणत्याही पक्षाचे नाही, ही लढाई आहे आणि शत्रू विषाणू आहे, हे लोकांना न सांगताही दिसावे अशी त्यांची इच्छा होती. राजकीय नेत्यांना या मोहिमेच्या दर्शनी भागापासून दूर ठेवण्याचा आग्रहही त्यांनी धरला.

लोकशाहीत नागरी काम गणवेशधारी व्यक्तीकडे द्यावे का, हा प्रश्न पोर्तुगालमध्ये तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. लस टोचणारे हात सार्वजनिक आरोग्य केंद्रांतील परिचारिकांचेच होते आणि केंद्रे उभारण्याचा मोठा भार नगरपालिकांनी उचलला होता. लष्कराने नियोजन आणि शिस्त दिली. शिवाय काम संपल्यावर, २८ सप्टेंबर २०२१ रोजी, कृती दल विसर्जित करण्यात आले. गोव्हेया इ मेलो पुढे नौदलप्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर २०२५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवारी जाहीर केली.

सामान्य माणसाला लस प्रत्यक्षात कशी मिळत असे?

राष्ट्रीय आरोग्य सेवेत नाव नोंदवलेल्या प्रत्येकाकडे एक क्रमांक असतो आणि त्याचे नाव जवळच्या आरोग्य केंद्राच्या यादीत असते. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या या सेवेच्या याद्या लसीकरणाचा कणा ठरल्या. वयोगटाची पाळी आली की मोबाइलवर संदेश येत असे. त्यात दिनांक, वेळ आणि ठिकाण असे आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर पाठवायचे असे. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता त्यांना आरोग्य केंद्रातून दूरध्वनी जाई. एप्रिलच्या उत्तरार्धात संकेतस्थळावरून स्वतः वेळ ठरवण्याची सोय झाली. ती ६५ वर्षांपुढील लोकांपासून सुरू झाली आणि पुढे वयाची अट खाली खाली येत गेली.

लस देण्याची ठिकाणे बहुतांशी क्रीडासंकुले आणि नगरपालिकांची सभागृहे होती. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा मार्ग एकाच दिशेने आखलेला असे. नोंदणी, प्रकृतीविषयी चार प्रश्न, लस आणि अर्धा तास निरीक्षण अशा त्या पायऱ्या होत्या. कोणत्या टप्प्यावर माणसे अडकतात आणि तेथे किती टेबले वाढवावी लागतील याचा हिशेब कृती दलाने आधी करून पाहिला होता. याच मांडणीमुळे उन्हाळ्यात दिवसाला एक लाख मात्रांचा वेग गाठता आला. पुढे ‘मुक्तद्वार’ पद्धत सुरू झाली, म्हणजे विशिष्ट वयापुढील कोणीही वेळ न ठरवता यावे आणि लस घेऊन जावे. आरोग्य सेवेचा क्रमांक नसलेल्या परदेशी नागरिकांसाठी नोंदणीची वेगळी सोय करण्यात आली.

लस सक्तीची होती का? नसेल तर एवढ्या लोकांनी ती का घेतली?

सक्तीची नव्हती. तरीही ऑक्टोबर २०२१ च्या पूर्वार्धात संपूर्ण लोकसंख्येच्या सुमारे ८५ टक्के लोकांचे लसीकरण पूर्ण झाले होते. बारा वर्षांखालील मुलांना तेव्हा लस उपलब्धच नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे खरे वजन कळते. घेण्यास पात्र असलेला जवळजवळ प्रत्येक जण लस घेऊन मोकळा झाला होता.

याचे मूळ १९६५ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी गुलबेंकियन प्रतिष्ठान या लिस्बनमधील खासगी धर्मादाय संस्थेच्या आर्थिक साहाय्याने राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. पहिली मोहीम पोलिओविरुद्ध होती आणि वर्षभरात रुग्णांची संख्या कोसळली. तेव्हाचा पोर्तुगाल हा पश्चिम युरोपातील गरीब देश होता, बालमृत्यूचे प्रमाण मोठे होते आणि २०२१ मध्ये सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीने आपली भावंडे किंवा शेजारची मुले अशा आजारांत गमावलेली होती. ज्या आजीने पांगळे झालेले मूल पाहिले आहे, तिला लसीचे महत्त्व पटवून देण्यासाठी जाहिरात लागत नाही, आणि घरात तीच आजी नातवंडांना रांगेत उभे राहायला लावते. याला जानेवारीची ताजी जखम जोडली गेली. ओळखीतले कोणीतरी गेलेले नाही असे घर तेव्हा विरळा होते.

विरोध अजिबात झाला नाही का?

झाला, पण तो थोड्या लोकांपुरता राहिला. १४ ऑगस्ट २०२१ रोजी लिस्बनजवळच्या ओदिव्हेलास येथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे लसीकरण सुरू होताना जमावाने गोव्हेया इ मेलो यांना ‘मारेकरी’ म्हणून घोषणा दिल्या. ते गर्दीतूनच चालत आत गेले आणि आजार नाकारण्याची वृत्ती आणि अज्ञान हेच खरे मारेकरी आहेत, असे पत्रकारांना म्हणाले. त्यानंतरच्या शनिवार-रविवारी बारा ते पंधरा वयोगटातील मुले आईवडिलांसह मोठ्या संख्येने केंद्रांवर आली.

ॲस्ट्राझेनेका लसीबाबत काय घडले?

रक्तात गुठळ्या होण्याच्या दुर्मिळ घटनांमुळे इतर युरोपीय देशांप्रमाणे पोर्तुगालनेही १५ मार्च २०२१ रोजी ती थांबवली. युरोपीय औषध संस्थेने फायदा धोक्यापेक्षा मोठा असल्याचे सांगितल्यावर २२ मार्चला पुन्हा सुरू केली आणि ८ एप्रिलला साठ वर्षांपुढील लोकांपुरती मर्यादित केली. या खंडामुळे शिक्षकांचे लसीकरण एक आठवडा लांबले. थांबवणे, तपासणे आणि कारण सांगून पुन्हा सुरू करणे हे सर्व उघडपणे झाले, त्यामुळे विश्वास ढासळला नाही.

ओदेमिरा येथील प्रकरण काय होते?

दक्षिणेतील ओदेमिरा परिसरात समुद्रकाठी प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली रासबेरी आणि इतर फळांची मोठी शेती होते. तेथील मजूर प्रामुख्याने नेपाळ, भारत, बांगलादेश आणि थायलंडमधून आलेले. एप्रिल २०२१ मध्ये सारा देश निर्बंधांतून बाहेर पडत असताना येथे मात्र रुग्ण वाढत होते आणि ३० एप्रिलला दोन गावांच्या परिसराला वेढा घालण्यात आला. तो १२ मेपर्यंत राहिला.

या निमित्ताने बाहेर आलेली गोष्ट विषाणूपेक्षा जुनी होती. एकेका लहान घरात दहा-दहा, कधी त्याहून अधिक माणसे राहत होती, भाडे मात्र प्रत्येक गादीमागे घेतले जात होते. ज्याला स्वतंत्र खोली नाही त्याने विलगीकरण कसे करायचे? ही राहणी मानवी हक्कांच्या दृष्टीने अमान्य आहे, हे पंतप्रधानांनी स्वतः कबूल केले आणि मजुरांच्या तात्पुरत्या निवासासाठी सरकारने जवळची एक पर्यटन वसाहत ताब्यात घेतली. त्यावरही वाद झाला. युरोपच्या बाजारात वर्षभर ताजी फळे पोहोचवणाऱ्या या माणसांकडे देशाचे लक्ष जाण्यासाठी साथ यावी लागली, ही वस्तुस्थिती मला आकडेवारीच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक अस्वस्थ करते.

या सर्वांचा गोव्याशी काही संबंध आहे का?

साथीच्या संपूर्ण काळात पंतप्रधान असलेले आंतोनियो कोस्ता मूळचे मडगावच्या घराण्यातले आहेत. त्यांचे वडील, लेखक ऑर्लांदो द कोस्ता, यांचे बालपण गोव्यात गेले आणि घरी आंतोनियो यांना ‘बाबुश’ या कोकणी लाडक्या नावाने हाक मारली जाई. डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, त्यामुळे अनेक गोमंतकीय कुटुंबांचे सदस्य तेथे राहतात.

भारतात लस घेतलेल्यांना २०२१ च्या मध्यावर एक व्यावहारिक अडचण आली. प्रवासासाठी १ जुलैपासून लागू झालेल्या युरोपीय करोना प्रमाणपत्रासाठी युरोपीय औषध संस्थेने मान्य केलेल्या लसी सर्व सदस्य देशांना ग्राह्य धरणे बंधनकारक होते. कोव्हिशील्ड ही ॲस्ट्राझेनेकाच्याच सूत्रावर पुण्यात तयार झालेली असली, तरी त्या यादीत तिचे नाव नव्हते आणि निर्णय प्रत्येक देशावर सोपवलेला होता. हे प्रमाणपत्र आणणारा नियम युरोपीय महासंघात मंजूर झाला, तेव्हा महासंघाच्या परिषदेचे अध्यक्षपद पोर्तुगालकडेच होते.

शिल्लक लसींचे काय झाले?

केप व्हर्दे, साओ तोमे, गिनी-बिसाऊ, अंगोला, मोझांबिक आणि पूर्व तिमोर या पोर्तुगीजभाषक देशांना त्या देण्यात आल्या.

एवढे लसीकरण होऊनही २०२२ च्या आरंभी रुग्ण वाढले, मग लसीचा उपयोग काय झाला?

ओमिक्रॉन प्रकारामुळे जानेवारी २०२२ च्या अखेरीस दिवसाला साठ हजारांहून अधिक रुग्ण सापडत होते, म्हणजे वर्षापूर्वीच्या शिखराच्या जवळजवळ चौपट. वर्षापूर्वी सोळा हजार रुग्णांच्या दिवशी तीनशेवर मृत्यू झाले होते, तर या वेळी रोजच्या मृत्यूंचा आकडा शंभरीच्या बराच खाली राहिला. ओमिक्रॉन स्वतः काहीसा सौम्य होता आणि चाचण्याही कितीतरी अधिक होत होत्या, हे विचारात घ्यायलाच हवे, पण वृद्धांना वर्धक मात्रा मिळालेली होती याचा त्यातला वाटा नाकारता येत नाही. रुग्णवाहिकांच्या रांगा पुन्हा लागल्या नाहीत.

३० जानेवारी २०२२ रोजी संसदेची निवडणूक होती आणि लाखो माणसे विलगीकरणात होती. त्यांना मतदानापुरते घराबाहेर पडण्याची मुभा देण्यात आली आणि त्यांनी शक्यतो संध्याकाळी सहा ते सात या शेवटच्या तासात यावे असे सुचवण्यात आले.

निर्बंध अखेर कधी उठले?

रस्त्यावर मुखपट्टी वापरण्याची सक्ती सप्टेंबर २०२१ मध्ये गेली आणि एप्रिल २०२२ मध्ये बहुतेक बंदिस्त जागांतूनही ती उठली. शेवटची कायदेशीर सतर्कता ३० सप्टेंबर २०२२ रोजी संपली, तोपर्यंत देशात करोनाने पंचवीस हजार माणसे गेलेली होती. रुग्णालये आणि आरोग्य केंद्रांत मुखपट्टी एप्रिल २०२३ पर्यंत कायम राहिली.